माकडांची भांडणं मिटतात कशी?

दगडफूल
नमस्कार मंडळी. माकडांच्या भांडणांचे व्हिडिओ ढिगाने सापडतात, दात विचकणं, पाठलाग, किंचाळ्या, चावे, सगळं. पण भांडण संपलं की कॅमेरा बंद होतो आणि मला नेमकं त्याच्या पुढचंच बघायचं असतं. कारण टोळीतल्या माकडाला रुसून जायला दुसरी जागा नसते. बिबट्या दिसला तर ओरडून सावध करणारी तीच, अंगातल्या उवा काढणारी तीच, रात्री झोपायचं तेही त्यांच्याच सोबत. मग सकाळी ज्याने कडकडून चावा घेतला त्याच्या शेजारी दुपारी बसायचं तरी कसं?

माझं मत असं आहे की माकडं भांडण नुसतं विसरून जात नाहीत, ती ते मुद्दाम मिटवतात, आणि कुणाशी मिटवायचं कुणाशी नाही हेही निवडतात. मला हा भाग भांडणापेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचा वाटतो. तुम्ही काय पाहिलंय, काय वाचलंय ते लिहा.

चिवचिव
भारी विषय! पॉपकॉर्न घेऊन बसलेय, येऊ द्या.

मनमौजी
मुद्दाम मिटवतात हे जरा जास्त होतंय असं वाटतं. प्राणी आहेत, दोन मिनिटांत राग उतरतो, परत आपापल्या कामाला लागतात. आपण त्यांच्यावर माणसाच्या भावना चिकटवतो आणि मग आपल्यालाच त्या दिसायला लागतात.

रानपाखरू
@मनमौजी, मी जे पाहिलंय ते सांगते, मग ठरवा.

मॅकाक, म्हणजे आपल्या लाल तोंडाच्या माकडाच्या जातकुळीतली टोळी, दोन माद्या, कठड्याच्या सावलीतल्या जागेवरून जुंपली. मोठीने धाकटीला मानगुटीला धरून खाली दाबलं, धाकटी किंचाळत सुटली, आजूबाजूची चारदोन उगाच उड्या मारून शांत झाली. त्यानंतर धाकटी थोड्या अंतरावर पाठ करून बसली आणि सारखी खाजवायला लागली. दंड, मांडी, परत दंड. उवा काढताना माकड केस बाजूला करून निवांत बघतं तसं नाही, नुसतं भराभरा खरडणं. मधेच मान वळवून मोठीकडे बघायची, मोठीने बघितलं की लगेच नजर दुसरीकडे. मग ती सरकत सरकत जवळ आली, अगदी सरळ नाही, वाकड्या वाटेने, मधे थांबून एक पान उचलून हुंगलं, आणि मोठीच्या पोटाशी चिकटलेल्या पिल्लाकडे तोंड नेऊन ओठ चटचट हलवायला लागली. मोठीनेही ओठ हलवले. पुढच्या क्षणाला धाकटी तिच्या खांद्यावरचे केस चाळत होती आणि ते खाजवणं पार थांबलेलं.

विसरली असती तर ती सावलीत दुसरीकडे जाऊन बसली असती. जागा होती भरपूर. ती त्याच मादीकडे गेली, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचं.

धुकं
वा, काय बारकाईने लिहिलंयस! ते खाजवणं तर अगदी डोळ्यासमोर आलं.

मनमौजी
वर्णन सुंदर आहे, वादच नाही. पण एका प्रसंगावरून काय ठरणार? टोळीत माकडं तशीही दिवसभर एकमेकांजवळ येतच असतात. भांडण झालं नसतं तरी ती धाकटी तेव्हा तिथे आली नसती कशावरून?

सागरगोटा
मनमौजींची शंका रास्त आहे आणि संशोधकांनीही तीच विचारली होती.

१९७५ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक फ्रान्स द वाल चिंपांझींवर काम करत होते. एकदा मोठा राडा झाला, थोड्या वेळाने दोन चिंपांझींनी एकमेकांना मिठी मारली, आणि त्यांच्या लक्षात आलं की मघाशी भांडणारे ते हेच दोघे. १९७९ मध्ये त्यांनी व्हॅन रोजमालेन यांच्यासोबत यावर शोधनिबंध लिहिला. चिंपांझी माकडात मोडत नाहीत, कपी (इंग्रजीत एप, बिनशेपटीचे) आहेत, पण माकडांमधल्या दिलजमाईचा अभ्यास सुरू झाला तो या कामानंतर.

आता शंकेचं उत्तर. १९८३ मध्ये द वाल आणि योशिहारा यांनी ऱ्हीसस (उत्तर भारतात दिसणारा लाल तोंडाचा मॅकाक) माकडांसाठी एक पद्धत बसवली. भांडण झालं की मार खाणाऱ्याकडे ठरावीक वेळ, समजा दहा मिनिटं, नजर ठेवायची. मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, भांडण नसताना, त्याच माकडाकडे तेवढाच वेळ बघायचं. ते दोघे भांडणानंतर लवकर जवळ आले की साध्या दिवशी? नुसतं योगायोगाने जवळ येणं असतं तर दोन्ही दिवशी सारखंच दिसायला हवं. तसं दिसत नाही, भांडणानंतर शत्रूशीच सलगी वाढते आणि बहुतेकदा पहिल्या काही मिनिटांतच. तीच पद्धत पुढे कितीतरी जातींवर वापरली गेली.

मनमौजी
दुसऱ्या दिवशीची तुलना हे पटलं, हुशार पद्धत आहे. पण मिटवलं हा शब्द मी अजून राखूनच ठेवतो. जवळ आले एवढं सिद्ध झालं, कशासाठी आले ते कुठे झालं?

शेवंती_२
आमची दोन मुलं अशीच, अर्ध्या तासापूर्वी एकमेकांचे केस उपटत होती आणि आता एका पांघरुणात 😀

टिपूर
माकडं म्हटलं की एकच प्राणी धरतो आपण, तिथेच घोळ होतो. जातीजातीत प्रचंड फरक आहे.

ऱ्हीसस म्हणजे कडक शिस्तीची टोळी. वरची मादी वरची, खालची खालची, खालचीने उलट मारायची सोय नाही, मार खायचा आणि पळायचं. तिथे समेटाचं प्रमाण कमी, ढोबळमानाने पाचातल्या एखाद्या भांडणानंतर. याउलट आखूड शेपटीचा स्टंपटेल मॅकाक. त्यांच्यात निम्म्याच्या आसपास भांडणांनंतर समेट होतो आणि त्याची चक्क ठरलेली पद्धत आहे, एकाने पाठमोरं होऊन ढुंगण पुढे करायचं आणि दुसऱ्याने दोन्ही हातांनी कंबर धरायची. झालं, मिटलं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचे टोंकियन मॅकाक तर आणखी मोकळे, तिथे खालच्या दर्जाचं माकडही वरच्याला उलट उत्तर देतं, आणि भांडणानंतर मिठ्याही तितक्याच.

बर्नार्ड थिएरी या संशोधकांनी २००० च्या सुमारास मॅकाकांच्या सगळ्या जाती चार पायऱ्यांवर मांडल्या. पहिल्या पायरीवर ऱ्हीसस आणि जपानी मॅकाक, चौथ्यावर सुलावेसीचे. म्हणजे दिलजमाई हा सुटा गुण नाही, दर्जाची उतरंड किती कडक, नात्यागोत्याचा पक्षपात किती, उलट मारायची मुभा किती, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, एक धागा ओढला की बाकीचे सरकतात.

चिवचिव
कंबर धरून मिटवणं 😂 😂 पण खरं सांगायचं तर उत्तम पद्धत आहे, कुणी सॉरी म्हणायचं हा प्रश्नच नाही.

धुकं
@टिपूर, मग हे रक्तातच असतं म्हणायचं का? ऱ्हीसस जन्माला आला तो तापटच राहणार?

टिपूर
नाही ना! तोच तर या विषयातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग. द वाल आणि जोहानोविच, १९९३. ऱ्हीससची लहान वयाची पोरं घेतली आणि पाच महिने स्टंपटेलांसोबत ठेवली. सुरुवातीला ऱ्हीसस दात विचकून धमक्या द्यायचे, स्टंपटेल थोडे मोठे आणि थंड डोक्याचे, ते लक्षच देईनात. हळूहळू ऱ्हीससांमधला समेट वाढत वाढत स्टंपटेलांच्या पातळीला गेला. आणि खरी गंमत पुढेच, स्टंपटेलांना काढून घेतलं, फक्त ऱ्हीसस एकत्र राहिले, तरी ते आपसात तसेच मिटवत राहिले. बरं, स्टंपटेलांची ती कंबर धरायची पद्धत त्यांनी उचलली नाही, स्वतःच्याच खाणाखुणा वापरल्या, फक्त जास्त वेळा. नक्कल नव्हे, वळण लागलं. मला हे वाचून फार आनंद झाला होता आणि अजूनही होतो.

दगडफूल
टिपूर, यासाठीच धागा काढला होता! वळण लागलं, अगदी बरोबर.

ओंजळ
इतकं चांगलं वळण सगळ्यांना लागत नाही. मार खाल्लेलं माकड लगेच तिसऱ्यालाच जाऊन फटका मारतं हेही बघितलंय. वड्याचं तेल वांग्यावर.

सागरगोटा
+१. आणि ते वांगंही बऱ्याचदा निवडलेलं असतं. केनियातल्या अंबोसेलीच्या व्हर्वेट माकडांवर डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफर्थ यांनी काम केलं, त्यात मार खाल्लेलं माकड मारणाऱ्याच्या नातेवाइकाला धरून बदडतं असं दिसलं. म्हणजे कोण कुणाचं याचा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का असतो. हाच हिशोब मिटवतानाही वापरला जातो, तेव्हा हे दोन वेगळे विषय नाहीत.

याच जोडीने नंतर बोत्स्वानात ओकावांगोच्या भागात चकमा बबूनवर (बबून म्हणजे आफ्रिकेतली लांब थोबाडाची मोठी माकडं) वर्षानुवर्षं काम केलं. वरच्या दर्जाची मादी खालचीला मारते आणि कधी कधी नंतर तिच्याकडे बघून हलकेच हुंकारते. ना स्पर्श, ना उवा काढणं. मग त्यांनी काय केलं, भांडणानंतर समेट झालेला नसताना लपवलेल्या स्पीकरवरून त्या मारणाऱ्या मादीचा रेकॉर्ड केलेला हुंकार मार खाल्लेल्या मादीला ऐकवला. ती त्यानंतर मारणारीच्या जवळ जायला, तिला जवळ येऊ द्यायला जास्त तयार झाली. दुसऱ्याच कुणा वरच्या मादीचा हुंकार ऐकवला तर परिणाम नाही. हे १९९७ चं. नंतर २००७ मध्ये असंही दाखवलं गेलं की मारणारीच्या नातेवाईक मादीचा हुंकार ऐकला तरी मार खाणारी निवळते. घरातलं माणूस मांडवलीला आल्यासारखंच की!

मनमौजी, इथे योगायोगाने जवळ येण्याचा प्रश्न उरत नाही, फक्त आवाज बदलला आणि वागणं बदललं.

मनमौजी
हा प्रयोग जबरदस्त आहे. पण याने माझ्याच मुद्द्याला बळ मिळतं. जोन सिल्क या संशोधिकेचं म्हणणं साधारण हेच आहे की हा हुंकार म्हणजे नातं सांधणं वगैरे काही नाही, फक्त निरोप आहे, माझ्याकडून संपलं, आता मारणार नाही, तू ये. तेवढ्याने मार खाणारीची भीती जाते आणि मारणारीला हवं ते, म्हणजे मार खाणारीचं पिल्लू हाताळणं वगैरे, करता येतं. यात दीर्घकाळचं नातं टिकवणं वगैरे कशाला आणायचं? जेवढ्यात उत्तर मिळतं तेवढंच गृहीत धरावं.

रानपाखरू
निरोपच असेल तर सगळ्यांना सारखा द्यायला हवा ना? पण देत नाहीत. काहींशी लगेच मिटतं आणि काहींशी मिटतच नाही.

टिपूर
रानपाखरू बरोबर बोलली. चिवचिव, तुझं पॉपकॉर्न आता कामी येतंय बघ!

मरिना कॉर्ड्स आणि सिल्व्ही थर्नहीर, १९९३, लांब शेपटीचे मॅकाक. आधी त्यांच्या जोड्यांमध्ये किरकोळ भांडण लावून समेट किती होतो ते मोजलं. मग जोडीला शिकवलं की दोघांनी एकाच वेळी शेजारी शेजारी बसलं तरच यंत्रातून पॉपकॉर्न मिळतात, एकट्याला काही नाही. म्हणजे शेजारचं माकड अचानक कामाचं झालं. परत भांडण लावलं तर समेटाचं प्रमाण सुमारे तिप्पट. माकडं तीच, स्वभाव तोच, फक्त समोरच्याची किंमत वाढली.

सिल्क यांचा मुद्दा मी खोडत नाही, त्या क्षणाला तो निरोपच असेल. पण निरोप कुणाला धाडायचा हे त्या नात्याच्या किमतीवर ठरतंय, आणि मला त्यातच सगळं आलं असं वाटतं.

चिवचिव
आता पॉपकॉर्नकडे आदराने बघणार मी.

मनमौजी
पॉपकॉर्नचा प्रयोग विचारात पाडणारा आहे. कुणाशी मिटवायचं यात निवड आहे हे मान्य. मात्र त्यामागे जाणीव आहे का हा प्रश्न मी उघडाच ठेवतो.

दगडफूल
ठेवा की, उघडाच राहू द्या. निवड मान्य झाली तरी पुष्कळ झालं.

मला ते खाजवणं परत काढायचंय. फिलिप्पो ऑरेली वगैरेंनी लांब शेपटीच्या मॅकाकांमध्ये हेच मोजलं होतं, मार खाल्ल्यावर अंग खाजवणं वाढतं आणि समेट झाला की लवकर खाली येतं. ताणाचं बाहेरून दिसणारं माप. आणि मला चटका लावून गेलेली गोष्ट म्हणजे मारणाऱ्याचंही खाजवणं वाढतं, तेही समेटानंतर उतरतं. जिंकलेलाही अस्वस्थच असतो. शिवाय समेट झाला नाही तर मार खाल्लेल्याला परत मार बसायची भीती असते, मूळ शत्रूकडूनही आणि बघ्यांकडूनही, पडलेल्याला चार हात जास्तच लागतात. म्हणून ती धाकटी मान वळवून वळवून बघत होती.

ओंजळ
आणि मधे पडणारे? आमच्याकडे येणाऱ्या टोळीतला दांडगा नर नुसता उभा राहिला तरी भांडण थांबतं.

सागरगोटा
त्यावर जेसिका फ्लॅक आणि सहकाऱ्यांचं काम आहे, २००५-०६ चं, पिगटेल मॅकाकांवर. असे दोघातिघांच्या भांडणात कुणाची बाजू न घेता पडणारे मोजकेच नर असतात, आणि बाकीचे त्यांना आधीच मानून असल्यामुळे त्यांना फारसं लढावंही लागत नाही. या नरांना थोड्या वेळासाठी बाजूला काढलं तेव्हा भांडणं वाढली हे ओघाने आलंच, पण समेटही कमी झाले, आणि खेळणं, उवा काढणं यांची वर्तुळंसुद्धा आक्रसली. मधे पडणारा आहे या भरवशावर बाकीचे लांबच्यांशी ओळख वाढवत होते, तो भरवसा गेल्यावर जो तो आपल्या जवळच्यांपुरता.

शेवंती_२
अवांतर: नर पिल्लाला घेऊन दुसऱ्या नराकडे जातात ते पाहिलंय का कुणी? एका माहितीपटात होतं, दोघे नर समोरासमोर, मधे पिल्लू, आणि दोघे त्याच्यावर वाकून दात वाजवतायत.

टिपूर
ते बार्बरी मॅकाक असणार, मोरोक्को, अल्जीरिया आणि जिब्राल्टरचे. डीग आणि क्रुक यांनी १९७१ मध्ये त्याबद्दल लिहिलंय. पिल्लू मधे असलं की ताण निवळतो आणि एरवी जवळ न फिरकणारे दोन नर शेजारी बसू शकतात. हे भांडणानंतरचं कमी आणि भांडण टाळण्याचं जास्त, पण जातकुळी तीच.

धुकं
टाळण्यावरून आठवलं, रॉबर्ट सपोल्स्की या संशोधकांनी अभ्यासलेली केनियातली बबूनची टोळी! १९८० च्या दशकात पर्यटकांच्या लॉजच्या कचऱ्यातल्या मांसातून क्षयरोग पसरला आणि कचऱ्यावर हक्क सांगायला जाणारे भांडखोर नर मेले. राहिले ते मऊ स्वभावाचे. पुढे बाहेरून नवे नर आले तरी टोळी तशीच राहिली, हे त्यांनी आणि लिसा शेअर यांनी २००४ मध्ये मांडलं. मऊ म्हणजे भांडणं नव्हती असं नाही, पण खालच्यांचा आणि माद्यांचा उगाच छळ कमी आणि उवा काढणं जास्त. वर टिपूर यांनी सांगितलेल्या ऱ्हीससच्या पोरांसारखंच, पण जंगलात आपोआप घडलेलं.

मनमौजी
मग जी माकडं मिटवतच नाहीत त्यांचं काय? अशा जाती असतील तर त्यांचं कसं भागतं?

टिपूर
आहेत ना. जोधपूरच्या लंगुरांवरचा २००२ चा अभ्यास बघा, तिथे भांडणानंतर मार खाल्लेलं माकड शत्रूला टाळतं, गोडीने जवळ जाणं क्वचित. बाजूला व्हायचं, बस. टॅमरिन म्हणजे दक्षिण अमेरिकेतली इवलीशी माकडं, त्यांच्यातल्या लाल पोटाच्या जातीवर काम झालंय, २००५ मध्ये, तिथेही समेट सापडला नाही. छोटी कुटुंबं, पिल्लं सगळ्यांनी मिळून वाढवायची, नाती इतकी घट्ट की किरकोळ भांडणाने तडा जातच नाही, मग सांधायचं काय, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण त्यांच्याच जवळच्या मार्मोसेटमध्ये समेट दिसलाय, म्हणून हा अर्थ सगळीकडे लावता येत नाही. मला वाटतं एकेका जातीचं एकेक बघावं लागतं, सरसकट नियम काढायची घाई नको.

मनमौजी
हे उत्तर आवडलं. धाग्याच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं: सगळी माकडं मिटवत नाहीत, पण ज्यांना एकमेकांची गरज आहे आणि ज्यांचं नातं भांडणाने डळमळू शकतं ती मिटवतात, आणि ते विसरणं नव्हे. जाणीवपूर्वक की कसं, ते अजून राखीव.

ओंजळ
मला घराजवळच्या टोळीवर हे करून बघायचंय. काय काय टिपायचं?

सागरगोटा
आधी माकडं ओळखायला शिका, फाटका कान, चेहऱ्यावरचा व्रण, वाकडी शेपटी. हे जमल्याशिवाय पुढचं काहीच जमत नाही. भांडण झालं की मारणाऱ्याच्या मागे जाऊ नका, मार खाणाऱ्यावर नजर ठेवा. वेळ लिहा, कशावरून झालं ते लिहा, मग कुणी कुणाच्या जवळ आधी गेलं, काय केलं, खाजवणं किती. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तेच माकड परत, आणि तेव्हा भांडण नसावं.

आणि खायला काही टाकू नका. एका जागी खाणं पडलं की माकडं दाटीने येतात आणि भांडणं वाढतात, शिवाय खाण्यावरून झालेल्या भांडणात समेट कमी दिसतो असं बऱ्याच अभ्यासांत आहे. खाणं संपलं की भांडणाचं कारणही संपतं. तुमच्या नोंदीत मग सगळा घोळ होईल.

रानपाखरू
एक भर घालते, पुढाकार कुणी घेतला ते वेगळ्या रकान्यात लिही. वरच्या बबूनच्या उदाहरणात मारणारी हुंकारली, माझ्या त्या प्रसंगात मार खाणारी गेली, स्टंपटेलमध्ये बहुतेकदा खालचा पाठ करतो. टोळीतला तुझा तो दांडगा नर नुसता उभा राहिला तर त्यानंतर मूळ दोघांचं मिटतं की नाही, हे मला वाचायला फार आवडेल. इथेच लिही.